मुलांच्या सार्कोमात किती तऱ्हेच्या पेशी? सिंगल-सेल अभ्यास सुरू करणाऱ्यांसाठी

रॅब्डोमायोसार्कोमा म्हणजे स्नायूसारख्या पेशींचा कर्करोग. त्याची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की एकाच गाठीत बरंच काही दिसतं. एका बाजूला लहान, गोल, गडद केंद्रकाच्या पेशी दाटीवाटीने बसलेल्या असतात. स्लाइड थोडी सरकवली की गुलाबी पेशीद्रव्याच्या लांबट, पट्टीसारख्या पेशी लागतात आणि क्वचित त्यांच्यात स्नायुतंतूंसारख्या आडव्या रेषाही. मधूनमधून रक्तवाहिन्या, मॅक्रोफेज (कचरा गिळणाऱ्या प्रतिकारपेशी), फायब्रोब्लास्ट (जोडऊतक घडवणाऱ्या पेशी). मुलांना होणाऱ्या मऊ ऊतींच्या सार्कोमांपैकी जवळपास निम्मे याच प्रकारचे असतात. केमोथेरपीनंतर काढलेल्या गाठीत पट्टीसारख्या पक्व पेशींचं प्रमाण वाढलेलं आढळतं, कारण विन्क्रिस्टिन, अ‍ॅक्टिनोमायसिन-डी आणि सायक्लोफॉस्फमाइड ही औषधं भराभर दुभंगणाऱ्या पेशींवर जास्त चालतात. तरीही काही मुलांमध्ये आजार उलटतो. तो नेमका कोणत्या पेशींतून उलटतो हे कळलं तर त्या पेशींसाठी औषध शोधता येईल, आणि या सगळ्या खटाटोपाचं कारण तेच आहे.

हा लेख दोन प्रकारच्या नवख्यांसाठी आहे. प्रयोगशाळेत काम केलेले पण सिंगल-सेल डेटा, म्हणजे एकेका पेशीतला आरएनए वेगळा मोजून मिळालेले आकडे, कधी न उघडलेले, आणि कोड उत्तम लिहिणारे पण गाठीचा तुकडा कधी न पाहिलेले. दोघांनीही सुरुवातीपासून एक भान ठेवावं. संगणकाच्या पडद्यावर पेशींचे जे रंगीत पुंजके दिसतात, त्यातला काही फरक गाठीत खरोखर असतो आणि काही आपल्या हाताळणीतून आलेला असतो. तुकडा किती वेळ तसाच पडून होता, कोणत्या तापमानाला सुटा केला, कोणत्या पेशी वाटेत फुटल्या, या सगळ्याचा ठसा डेटावर उमटतो. पुढच्या प्रत्येक पायरीवर हाच प्रश्न विचारायचा आहे: मला दिसतोय तो फरक गाठीचा, की माझ्या पद्धतीचा?

पायरी १ : आजार नीट समजून घ्या, मग प्रश्न लिहा

रॅब्डोमायोसार्कोमाचे मुलांमधले दोन मुख्य प्रकार म्हणजे एम्ब्रायोनल आणि अल्व्हिओलर. पहिला प्रामुख्याने लहान वयात, डोकं-मान आणि मूत्र-जननमार्गात दिसतो. दुसरा थोड्या मोठ्या मुलांत, हातापायांत किंवा धडावर. ही विभागणी स्लाइडवरच्या रूपावरून झाली. आज उपचार ठरवताना त्याहून महत्त्वाचं मानलं जातं ते जनुकांचं जोडलं जाणं, म्हणजे फ्यूजन. २ आणि १३ या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन पॅक्स३-फॉक्सओ१ हे जोडजनुक तयार होतं. १ आणि १३ मध्ये तसं झालं तर पॅक्स७-फॉक्सओ१. यातलं पहिलं जोडजनुक १९९३ साली ओळखलं गेलं. अल्व्हिओलर दिसणाऱ्या गाठींपैकी साधारण पाचांतल्या एकीत फ्यूजन सापडत नाही आणि त्या गाठींची वागणूक एम्ब्रायोनलसारखी असते. म्हणून तुमच्या तक्त्यात 'फ्यूजन आहे' आणि 'फ्यूजन नाही' असा रकाना हवाच. नुसतं 'अल्व्हिओलर' लिहून भागत नाही.

फ्यूजन नसलेल्या गाठींत रॅस कुटुंबातल्या जनुकांमधले बदल वरचेवर सापडतात. टीपी५३ किंवा मायोडी१ मध्ये बदल असेल तर आजाराचा कल वाईट असतो. हेही रकान्यांत भरा.

दुसऱ्या सार्कोमावर काम करायचं असेल तरी पद्धत बहुतांशी हीच. सायनोव्हियल सार्कोमात एसएस१८-एसएसएक्स, अर्भकांच्या फायब्रोसार्कोमात ईटीव्ही६-एनटीआरके३, रॅब्डॉइड गाठीत स्मार्कबी१ हरवलेलं. यातलं तुमच्या आजाराला लागू होणारं खूणजनुक पाठ असू द्या, विश्लेषण करताना ते सतत लागतं.

प्रश्न एका वाक्यात मावला पाहिजे. 'गाठीतलं वैविध्य पाहायचं आहे' हा प्रश्न झाला नाही. 'फ्यूजन नसलेल्या गाठींत उपचारानंतर कोणत्या अवस्थेतल्या कर्कपेशींचं प्रमाण वाढतं?' हा झाला. एवढा नेमका असला की किती मुलांचे नमुने लागतील आणि ते कोणत्या वेळचे हवेत, हे आपसूक ठरत जातं.

पायरी २ : आधी दुसऱ्यांच्या डेटावर हात बसवा

मुलांचा सार्कोमा दुर्मीळ आहे आणि प्रत्येक तुकडा कुण्या मुलाच्या शरीरातून आलेला आहे. सरावासाठी तो वापरू नये असं माझं ठाम मत आहे. सरावाला खुला डेटा भरपूर मिळतो. अ‍ॅलेक्सेस लेमनेड स्टँड फाउंडेशनने बालकर्करोगांचा सिंगल-सेल संग्रह सर्वांसाठी खुला ठेवला आहे. त्यात रॅब्डोमायोसार्कोमाचे नमुने आहेत, आणि आर किंवा पायथन दोन्हींत थेट उघडता येतील अशा फाइली मिळतात. तिथली दोन-चार नमुन्यांची फाइल घ्या आणि खाली सांगितलेल्या ६ ते ९ या पायऱ्या तिच्यावर पूर्ण करून पाहा. एखाद्या प्रकाशित निबंधातली एक आकृती स्वतः पुन्हा काढून बघणं हा सर्वांत चांगला अभ्यास. ती जुळली नाही तर का जुळली नाही हे शोधताना फार शिकायला मिळतं.

संगणकाबद्दल थोडक्यात: तयार मोजणी-तक्त्यांवर (कोणत्या पेशीत कोणतं जनुक किती) काम करायला ३२ जीबी रॅम सहसा पुरते. कच्च्या डेटापासून सेल रेंजर (असे तक्ते बनवणारं सॉफ्टवेअर) चालवायचं असेल तर किमान ६४ जीबी लागते.

पायरी ३ : नमुना

बायोप्सीवर पहिला हक्क निदानाचा. मुलांमध्ये बरेचदा सुईनेच नमुना घेतात आणि हाती येतात बारीक दोरीसारखे काही तुकडे. त्यातून आधी निदान, मग फ्यूजनची तपासणी, आणि उरलं तर संशोधन. काय उरलं हे पॅथॉलॉजिस्ट ठरवतात, आपण नाही. त्यांना प्रकल्प सुरू होण्याआधी भेटा. नमुना आल्यावर फोन केला तर उशीर झालेला असतो. नैतिकता समितीची मंजुरी, आईवडिलांची लेखी संमती आणि समजण्याच्या वयाच्या मुलाची स्वतःची अनुमती हे सगळं त्याआधीच झालेलं हवं. संमतीपत्रात जनुकीय डेटा इतर संशोधकांना देण्याबद्दल स्पष्ट लिहा. ते राहिलं तर शेवटच्या पायरीवर अडकाल.

नमुना चार रूपांत मिळू शकतो. ताजा, झटकन गोठवलेला, फॉर्मलिनमध्ये ठेवून मेणात बसवलेला, किंवा उंदरात वाढवलेला. ताज्यातून अखंड पेशी मिळतात, पण शस्त्रक्रिया कधी संपेल यावर तुमचा दिवस अवलंबून. गोठवलेल्यातून केंद्रकं काढता येतात आणि वर्षानुवर्षांचे साठवलेले नमुने एकाच दिवशी, एकाच हाताने हाताळता येतात. मेणातल्या तुकड्यांसाठी आता प्रोबवर चालणाऱ्या पद्धती आहेत. उंदरात वाढवलेल्या गाठी पुन्हापुन्हा वापरता येतात. अमेरिकेतल्या सेंट ज्यूड रुग्णालयाचं जाळं अशा गाठी जगभरच्या संशोधकांना मोफत देतं. मात्र त्यांत माणसाचे मॅक्रोफेज, रक्तवाहिन्या उरत नाहीत, त्यांची जागा उंदराच्या पेशी घेतात, आणि प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरात टी-पेशींचा अभ्यास होऊच शकत नाही. तिथे वाचन (आरएनएच्या तुकड्यांचा वाचलेला क्रम) माणूस आणि उंदीर या दोन्ही जीनोमवर एकत्र जुळवून घ्या.

या टप्प्यावरची सर्वांत महागात पडणारी गोष्ट तुलनेच्या रचनेत दडलेली असते. निदानाच्या वेळचे सगळे नमुने सुईचे आणि ताजे, तर उपचारानंतरचे सगळे शस्त्रक्रियेतले आणि गोठवलेले, असं झालं तर दोन गटांत दिसणारा फरक औषधाचा की गोठवण्याचा हे कोणतंही सॉफ्टवेअर सांगू शकणार नाही. दोन्ही गट एकाच रूपात घ्या. ते शक्य नसेल तर किमान काही नमुन्यांचे दोन भाग करून एक ताजा आणि एक गोठवून चालवा, म्हणजे पद्धतीमुळे किती फरक पडतो हे मोजता येईल.

प्रत्येक नमुन्यासोबत लिहून ठेवा: शरीरातली जागा, मुलाचं वय, फ्यूजन, आधी मिळालेले उपचार आणि शेवटचा डोस कधी झाला, तुकडा बाहेर काढल्याची वेळ, बर्फात ठेवल्याची वेळ. शेवटच्या दोन वेळा कुणी लिहीत नाही आणि नंतर त्यांचीच गरज पडते.

पायरी ४ : पेशी सुट्या करणं

ताज्या तुकड्याचे ब्लेडने बारीक तुकडे करा, कोलॅजिनेज आणि डीएनेज मिसळलेल्या द्रावात ठेवा, मग ७० मायक्रॉन आणि ४० मायक्रॉनच्या चाळणीतून गाळा. लाल रक्तपेशी फार असतील तर त्या फोडणारं द्रावण वापरा. डीएनेज वगळू नका. फुटलेल्या पेशींचा डीएनए चिकट जाळं करतो आणि चांगल्या पेशी त्यात अडकून गोळे होतात.

कोलॅजिनेज ३७ अंशांवर उत्तम चालतं आणि गडबड तिथेच सुरू होते. त्या उबेत पेशी जिवंत असतात, त्यांना ताण जाणवतो, आणि त्या फॉस, जुन, एचएसपीए१ए अशी ताणाची जनुकं चालू करतात. अर्ध्या-पाऊण तासात हे सहज होतं. मग विश्लेषणात 'ताणग्रस्त कर्कपेशी' नावाचा एक देखणा पुंजका मिळतो, जो गाठीत कदाचित नव्हताच. वेळ शक्य तितका कमी ठेवा, किंवा थंडीत चालणारं प्रोटिएज वापरून ६ अंशांच्या आसपास काम करा. आपल्या ऊतीला काय मानवतं हे एखाद्या उंदरातल्या गाठीवर आधीच ठरवून घ्या.

गाळून झाल्यावर एक थेंब ट्रायपॅन ब्लूमध्ये मिसळून मोजणीच्या काचेवर घाला आणि यंत्राचा आकडा वाचण्याआधी स्वतः डोळा लावून बघा. जिवंत पेशी चमकदार कडेच्या, आतून स्वच्छ दिसतात. मेलेल्या निळ्या, थोड्या फुगलेल्या. निळसर धूळ पसरलेली असेल तर पेशी फुटल्या आहेत आणि त्यांचा आरएनए द्रावात तरंगतोय. दोन-तीन पेशी चिकटून फिरताना दिसत असतील तर पुन्हा गाळा. यंत्र बरेचदा अशा जोडीला एक पेशी म्हणून मोजतं. आणि शोधून पाहा: स्लाइडवर दिसलेल्या त्या लांब, पट्टीसारख्या पेशी इथे आहेत का? बहुधा फारच थोड्या असतील. त्या मोठ्या आणि नाजूक असतात. काही ब्लेडने तुटतात, काही चाळणीत अडकतात, उरलेल्या चिपच्या (एकेक पेशी वेगळ्या थेंबात कोंडणाऱ्या पट्टीच्या) बारीक वाटेतून नीट जात नाहीत. म्हणजे गाठीतला सर्वांत पक्व गट डेटात येण्याआधीच गळतो.

याच कारणासाठी उपचारानंतरच्या गाठींत मी केंद्रकांची पद्धत सुचवेन. गोठवलेला तुकडा थंड द्रावणात चिरडून पेशीचं बाहेरचं आवरण विरघळवायचं आणि केंद्रकं तेवढी गाळून घ्यायची. केंद्रक पेशीएवढं मोठं नसतं, त्यामुळे पक्व, बहुकेंद्रकी पेशीही मोजणीत येतात, आणि ३७ अंशांचा ताणही टळतो. बदल्यात दर केंद्रकामागे सापडणारी जनुकं कमी, आणि आरएनए बराचसा अर्धवट प्रक्रिया झालेला. म्हणून मोजणी करताना इंट्रॉनवरची (नंतर कापून टाकल्या जाणाऱ्या भागांवरची) वाचनंही धरायचा पर्याय चालू ठेवा.

पायरी ५ : चिप आणि वाचन

हे काम बहुतेक ठिकाणी सामायिक सुविधेतले लोक करतात, तुम्ही त्यांना चांगला नमुना द्यायचा. टेन-एक्स कंपनीच्या यंत्रासाठी पेशी प्रति मायक्रोलिटर ७०० ते १,२०० अशा दाट, आणि ९० टक्क्यांच्या वर जिवंत असाव्यात. ७० टक्क्यांच्या खाली असतील तर चालवू नये. चिपच्या प्रत्येक थेंबात एकच पेशी यावी अशी अपेक्षा असते, पण काही थेंबांत दोन येतात. जुन्या पिढीच्या चिपवर दर १,००० पेशींमागे हे प्रमाण साधारण ०.८ टक्क्याने चढतं. १०,००० पेशी हव्यात म्हटलं तर सुमारे ८०० थेंब जोडपेशींचे निघतील. नवीन चिपवर प्रमाण बरंच कमी आहे. एका नमुन्यातून वाट्टेल तेवढ्या पेशी काढण्यापेक्षा मध्यम संख्या ठेवून आणखी एका मुलाचा नमुना चालवणं केव्हाही चांगलं. कारण ९व्या पायरीत येईल. वाचनाची खोली दर पेशीमागे किमान २०,००० जोडवाचनं ठेवा.

एक गैरसमज इथेच दूर करून टाकू. आरएनएच्या ३ प्राइम, म्हणजे शेवटच्या, टोकाकडून वाचणाऱ्या या पद्धतीत पॅक्स३-फॉक्सओ१ चा सांधा सहसा दिसत नाही, तो टोकापासून लांब असतो. डेटात फ्यूजन सापडलं नाही म्हणून निदानावर शंका घेऊ नका. सांधाच पाहायचा असेल तर पूर्ण लांबीचं किंवा लाँग-रीड वाचन लागतं.

पायरी ६ : खराब पेशी वगळणं

प्रत्येक शिकवणीत एक ओळ असते: मायटोकॉन्ड्रियाची वाचनं ५ किंवा १० टक्क्यांहून जास्त असलेल्या पेशी टाकून द्या. रक्तपेशींसाठी ठीक आहे. इथे ही ओळ डोळे मिटून वापरली तर नुकसान होतं. स्नायूकडे झुकलेल्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया मुळातच जास्त असतात, आणि सरसकट ५ टक्क्यांची कात्री लावली की चाळणीतून वाचलेल्या थोड्याफार पक्व पेशीही जातात. आधी सैल मर्यादेने पुंजके काढा, प्रत्येक पुंजक्यात हे प्रमाण कसं पसरलंय ते पाहा, मग ठरवा. जनुकं कमी, मायटोकॉन्ड्रिया जास्त आणि कोणतंही ओळखचिन्ह नाही अशी पेशी मरतुकडी. मायटोकॉन्ड्रिया जास्त पण टायटिन आणि स्नायूतले मायोसिन भरपूर असतील तर ती ठेवा. केंद्रकांच्या डेटात मात्र हे प्रमाण शून्याजवळच असायला हवं, तिथे कडक राहा.

पुढची डोकेदुखी तरंगत्या आरएनएची. ती ओळखायची सोपी खूण: मॅक्रोफेजच्या पुंजक्यात अ‍ॅक्टा१ आणि सीकेएम दिसतात का ते बघा. ही स्नायूची जनुकं आहेत, मॅक्रोफेजला त्यांचं काही काम नाही. दिसत असतील तर फुटलेल्या स्नायुपेशींचा आरएनए सगळ्या थेंबांत शिरला आहे. सेलबेंडर किंवा सूपएक्सने तो वजा करा आणि त्याच दोन जनुकांवर पुन्हा तपासा.

जोडपेशींसाठी एससीडबलफाइंडर किंवा स्क्रब्लेट वापरा, प्रत्येक नमुन्यावर वेगवेगळं, सगळे एकत्र करण्याआधी. डेस्मिन आणि सीडी१६३ दोन्ही दाखवणारा पुंजका मिळाला तर तो 'प्रतिकारपेशींसारखी कर्कपेशी' म्हणून लगेच साजरा करू नका. बहुतेक वेळा तो कर्कपेशीला चिकटलेला मॅक्रोफेज असतो.

पायरी ७ : कर्कपेशी कोणती आणि शेजारी कोण

प्रतिकारपेशी आणि रक्तवाहिन्यांच्या पेशी सहज ओळखू येतात. पीटीपीआरसी, सीडी६८, सीडी३ई एकीकडे, पेकॅम१ आणि व्हीडब्ल्यूएफ दुसरीकडे. अवघड आहेत दोन सीमा, आणि दोन्ही या आजाराच्या खास आहेत.

पहिली सीमा पक्व कर्कपेशी आणि निरोगी स्नायू यांच्यातली. गाठीच्या कडेला मुलाचा स्वतःचा स्नायू असतो, आणि तुकड्यात तो आला की त्याची केंद्रकंही टायटिन, सीकेएम, अ‍ॅक्टा१ दाखवतात. उपचारानंतर पक्व झालेली कर्कपेशीही तेच दाखवते.

दुसरी सीमा कच्च्या कर्कपेशी आणि फायब्रोब्लास्ट यांच्यातली. फ्यूजन नसलेल्या गाठींत अगदी सुरुवातीच्या अवस्थेतल्या कर्कपेशी कोलॅजन आणि डेकोरिनसारखी जनुकं चालू ठेवतात, मायोडी१ कमी असतो, आणि स्वयंचलित नाव देणारं कोणतंही साधन त्यांना बेधडक 'फायब्रोब्लास्ट' म्हणतं. आजार उलटण्याच्या प्रश्नासाठी याच पेशी सर्वांत महत्त्वाच्या आहेत, आणि त्याच चुकीच्या डब्यात जातात.

दोन्ही ठिकाणी निवाडा गुणसूत्रांच्या संख्येवरून करायचा. एम्ब्रायोनल गाठींत २, ८, ११, १२, १३, २० या गुणसूत्रांच्या जास्तीच्या प्रती सापडतात. जास्त प्रती म्हणजे त्या गुणसूत्रावरच्या जनुकांची सरासरी पातळी किंचित वर. इन्फरसीएनव्ही, कॉपीकॅट किंवा नंबॅट हेच मोजतात. तुलनेला त्याच मुलाचे मॅक्रोफेज आणि रक्तवाहिन्यांच्या पेशी द्या, शंकास्पद फायब्रोब्लास्ट तुलनेच्या गटात घालू नका. समजा, 'फायब्रोब्लास्ट' नावाच्या पुंजक्यातल्या निम्म्या पेशींत ८व्या गुणसूत्राची जास्तीची प्रत त्याच गाठीतल्या ठळक कर्कपेशींसारखीच दिसली, तर त्या निम्म्या पेशी कर्कपेशी आहेत. नाव बदला. उरलेल्या खरे फायब्रोब्लास्ट. रुग्णालयातल्या डीएनए तपासणीचा अहवाल असेल तर त्याच्याशी नक्की जुळवून पाहा. फ्यूजन असलेल्या काही गाठींत असे ढोबळ बदल थोडे असतात, तिथे ही पद्धत कमजोर पडते आणि फ्यूजनमुळे चालू होणाऱ्या जनुकांच्या संचाचा आधार घ्यावा लागतो.

पायरी ८ : अवस्थांना नावं देणं

आता तेवढ्या कर्कपेशी वेगळ्या काढून पुन्हा पुंजके करा. रॅब्डोमायोसार्कोमाच्या पेशी स्नायू घडण्याच्या वाटेवर कुठेतरी थांबलेल्या असतात, त्यामुळे नावं त्या वाटेवरून येतात. मीऑक्स२ आणि ईजीएफआर जास्त असलेल्या मेसोडर्मसारख्या (मेसोडर्म म्हणजे भ्रूणातल्या ज्या थरातून स्नायू घडतो तो), एमवायएफ५ दाखवणाऱ्या मायोब्लास्टसारख्या (कच्च्या स्नायुपेशी), मायोजेनिन आणि एमवायएच३, एमवायएच८ दाखवणाऱ्या मायोसाइटसारख्या (पक्व होत आलेल्या). सेंट ज्यूडच्या संशोधकांनी २०२२ साली हीच वाट भ्रूणातल्या स्नायूशी ताडून दाखवली. एम्ब्रायोनल प्रकारात मेसोडर्मसारख्या पेशी सावकाश दुभंगतात, केमोथेरपीतून वाचतात आणि पुन्हा गाठ उभी करतात, हे त्यांना आढळलं. ईजीएफआरवर चालणारं औषध केमोथेरपीला जोडण्याची कल्पना तिथूनच पुढे आली. फ्यूजन असलेल्या गाठींत चेतापेशींची जनुकं चालू असलेली एक अवस्थाही सापडते, जी निरोगी स्नायूच्या वाटेवर कुठेच नसते. वेगवेगळ्या गटांचे निबंध वाचताना कुणी 'प्रोजेनिटर' म्हणतं, कुणी 'मेसेन्कायमल'. नावांत गुंतू नका, जनुकांच्या याद्या समोरासमोर ठेवून पाहा.

इथे दोन ठिकाणी हात आखडता घ्या. एमकेआय६७ आणि टॉप२ए यांच्या जोरावर दुभंगणाऱ्या पेशींचा वेगळा पुंजका हमखास निघतो. ती बहुधा स्वतंत्र जात नसते, वेगवेगळ्या अवस्थांतल्या पेशी दुभंगताना तिथे जमलेल्या असतात. पेशीचक्राचा परिणाम काढून आणि न काढता, दोन्ही तऱ्हेने करून बघा, आणि प्रत्येक अवस्थेतल्या किती पेशी दुभंगतायत ते वेगळं नोंदवा.

दुसरं म्हणजे नमुने एकत्र मिसळणं. प्रत्येक मुलाच्या कर्कपेशी स्वतंत्र बेट करून बसतात, कारण प्रत्येकीचे गुणसूत्रबदल वेगळे. हार्मनीसारखं साधन चालवलं की बेटं एकमेकांत मिसळतात आणि चित्र छान दिसतं. पण एखाद्याच गाठीत असलेली खरी अवस्था त्यात विरघळून जाऊ शकते. मी आधी प्रत्येक गाठीचं स्वतंत्र विश्लेषण करते, त्यातून निघणारे जनुकसंच टिपून ठेवते, आणि मग कोणते संच अनेक गाठींत पुन्हापुन्हा येतात ते पाहते. मिसळलेलं चित्र हे केवळ पडताळ्यासाठी. आणि युमॅपवरच्या (पुंजक्यांचं ते रंगीत चित्र) दोन पुंजक्यांमधल्या अंतरावरून कोणताही निष्कर्ष काढू नका, त्या अंतराला मोजमाप म्हणून अर्थ नाही.

ताणाच्या जनुकांचा पुंजका आठवतोय? तो इथे पुन्हा डोकं वर काढतो. फॉस आणि जुन जास्त असलेली 'अवस्था' फक्त ताज्या नमुन्यांत दिसते आणि गोठवलेल्यांत अजिबात नाही, असं आढळलं तर ती सुट्या करण्याच्या वेळची आहे.

पायरी ९ : मोजायची ती मुलं

समजा निदानाच्या वेळचे ४ आणि उपचारानंतरचे ४ नमुने आहेत, प्रत्येकी ५,००० पेशी. संगणकाला सरळ सगळ्या पेशींची तुलना करायला सांगितली तर तो २०,००० विरुद्ध २०,००० असं समजतो आणि हजारो जनुकांपुढे अविश्वसनीय वाटाव्या इतक्या बारीक पी-व्हॅल्यू छापतो. पण एकाच मुलाच्या ५,००० पेशी एकमेकींपासून स्वतंत्र नाहीत. ही तुलना ४ विरुद्ध ४ चीच आहे. म्हणून प्रत्येक मुलाच्या प्रत्येक अवस्थेतल्या पेशींची मोजणी एकत्र बेरीज करा आणि मग डीईसीक२ किंवा एजआर यांसारख्या साधनाने गटांची तुलना करा. जनुकांची यादी लहान होईल. जी उरेल तिच्यावर विश्वास ठेवता येईल.

प्रमाणांचंही तसंच. 'मेसोडर्मसारख्या पेशी वाढल्या' असं म्हणण्याआधी प्रत्येक मुलासाठी एक ठिपका असलेला आलेख काढा. चारपैकी एकाच मुलात वाढल्या असतील तर ते आलेखात लगेच दिसतं, सरासरीच्या खांबात लपून जातं. एकाच मुलाचे आधीचे आणि नंतरचे नमुने मिळाले तर ते जोडून दाखवा. अशा दोन-तीन जोड्याही मोलाच्या असतात.

पायरी १० : पुन्हा स्लाइडकडे

सुट्या केलेल्या पेशींतून मिळालेलं प्रमाण गाठीतलं प्रमाण नसतं, हे ४थ्या पायरीत पाहिलंच. त्यामुळे जी अवस्था महत्त्वाची वाटते ती मेणातल्या छेदावर दाखवता आली पाहिजे. मायोजेनिन, मायोडी१ आणि डेस्मिन यांच्या अँटिबॉडी निदानासाठी प्रयोगशाळेत असतातच. त्यांच्या जोडीला तुमच्या अवस्थेची एक-दोन चिन्हं घ्या आणि जागेवरच आरएनए किंवा प्रथिन रंगवा. जागेनुसार वाचन करणाऱ्या पद्धतीही आहेत. व्हिझियमच्या मूळ पद्धतीत एक ठिपका ५५ मायक्रॉनचा, म्हणजे त्यात अनेक पेशी येतात. झेनियममध्ये पेशीपेशी दिसते, पण आधी निवडलेल्याच जनुकांपुरती. छेद पाहायला पॅथॉलॉजिस्टना शेजारी बसवा. फायब्रोब्लास्ट कुठले आणि कर्कपेशी कुठल्या, हा ७व्या पायरीतला वाद ते कितीतरी वेळा एका नजरेत मिटवतात.

नंतर अवस्थेचं काम तपासायचं. त्या पेशी पृष्ठभागावरच्या चिन्हाने वेगळ्या काढून उंदरात गाठ उभी करतात का, औषध दिल्यावर उरतात का. हे नवख्याने एकट्याने करायचं काम नाही, पण आपल्या यादीतलं कोणतं चिन्ह पेशीच्या पृष्ठभागावर असतं हे तुम्ही आधीच काढून ठेवलंत तर पुढच्या माणसाचे महिने वाचतात.

पायरी ११ : डेटा पुढे देणं

हा आजार इतका दुर्मीळ आहे की कुठल्याही एका केंद्राकडे पुरेसे नमुने जमत नाहीत. तुमचे ८ नमुने दुसऱ्या कुणाच्या १० नमुन्यांना जोडले गेले तरच मोठ्या प्रश्नांची उत्तरं मिळतील. कच्च्या वाचनांत मुलाचे अनुवांशिक तपशील असतात, म्हणून ती डीबीगॅप किंवा युरोपीय जीनोम-फिनोम संग्रहासारख्या परवानगीने उघडणाऱ्या ठिकाणी ठेवा. मोजणीचे तक्ते खुले ठेवायला संमती आणि समितीचे नियम परवानगी देत असतील तर ते खुले करा. सोबत तीन फाइली हव्यातच. पहिलीत ३ऱ्या पायरीतले सगळे रकाने, दोन्ही वेळांसह. वय नेमक्या तारखेऐवजी गटात द्या. दुसरीत वापरलेला कोड आणि प्रत्येक साधनाची आवृत्ती. तिसरीत प्रत्येक पेशीचा बारकोड, तिला दिलेलं नाव आणि ते कशावरून दिलं: जनुकांवरून, गुणसूत्रांवरून की दोन्हींवरून. ही तिसरी फाइल नसली की डेटा वापरणाऱ्याला पेशी पहिल्यापासून ओळखाव्या लागतात, आणि फायब्रोब्लास्टच्या डब्यात गेलेल्या त्या कच्च्या कर्कपेशी पुन्हा हुकतात.